लेझर चेन अलाइनमेंट टूल: १३४९ रुपयांचा ठिपका आणि ४० रुपयांची दोरी

आधीच सांगतो, टूल वाईट नाहीये. पण मी ज्या कामासाठी घेतलं ते काम त्यानं केलं नाही, शेवटी दोरीनं केलं, आणि त्यानं का केलं नाही हे कळायला मला दोन रविवार लागले म्हणून एवढं लांबण लावतोय. घाईत असाल तर एवढंच वाचा: गाडीची चेन उघडी आहे आणि दर महिन्याला चेन स्वतः टाईट करता, तर घ्या, पाचपैकी तीन स्टार. नुसतं मागचं चाक पुढच्या चाकाच्या लायनीत आहे का बघायचंय तर हार्डवेअरच्या दुकानात जाऊन गवंडी वापरतात ती लाईन दोरी मागा, ४० रुपयांना मिळते, उरलेल्या पैशात मिसळ खा.

गाडी माझी पल्सर २२०, एकसष्ट हजार झालेत, अजून विकायचं मन होत नाही. मागचा टायर बदलला आणि तिथनं हे सगळं चालू झालं. टायरवाल्यानं चाक परत बसवताना चिमट्यावरच्या (मागचं चाक दोन्हीकडून धरणारा दांडा, स्विंगआर्म) खुणा बघितल्या, "तीन हिकडं, तीन तिकडं, ओके साहेब" म्हणाला, पाना फिरवला आणि मोकळा झाला. त्याचं नाव घेत नाही कारण चूक त्याच्या एकट्याची नाही, आपल्याकडं नव्वद टक्के गाड्यांचं मागचं चाक असंच लागतं आणि चालतं पण. पण घरी येईपर्यंत चेन स्लो स्पीडला चर्र चर्र करायला लागली होती, आणि साठच्या पुढं गेलं की हँडल सरळ धरलंय तरी तिरकं धरल्यासारखं वाटायचं. पहिले पंधरा दिवस म्हटलं नवीन टायर आहे, बसेल. मग एकदा चेन पुसताना मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्राचे, दात बघितले तर सगळ्या दातांची आतली, म्हणजे चाकाकडची बाजू चकचकीत, आणि बाहेरची बाजू काळी ती काळीच. चेन एका अंगानं घासत होती म्हणजे.

मग रात्री साडेअकराला मोबाईलवर शोधत बसलो आणि हे टूल दिसलं. १३४९, पाच दिवसात आलं. ब्रँड सांगत नाही कारण मलाच कळला नाही, डब्यावर एक नाव आहे, आतल्या कागदावर दुसरं आणि टूलवर काहीच नाही. वस्तू अशी: अॅल्युमिनियमचा एक चिमटीएवढा क्लॅम्प, त्याला अंगठ्यानं फिरवायचा स्क्रू, आणि वर पेनाच्या टोपणाएवढा लाल लेझर, आत बटण सेल. क्लॅम्प मागच्या स्प्रॉकेटच्या सपाट भागावर चिकटवून आवळायचा, लेझर चालू करायचा आणि ठिपका चेनवर पुढच्या स्प्रॉकेटच्या दिशेनं सरकवत न्यायचा. मागच्या स्प्रॉकेटपासून पुढच्या स्प्रॉकेटपर्यंत ठिपका चेनच्या मधोमध राहिला तर लाईन बरोबर, डावीउजवीकडं सरकत गेला तर चाक तिरकं. ऐकायला एकदम झकास. वजनाला बरं वाटतं, फिनिशिंग पण बरं आहे, स्क्रूचे आटे सैल नाहीत. डोळ्यात मारू नका एवढं मात्र लक्षात ठेवा, आजूबाजूला लहान पोरं असतील तर त्यांना आधी पळवा.

पहिला त्रास, दुपारी ठिपका दिसतच नाही. आमच्या पार्किंगला वर पत्रा आहे पण बाजूनं उजेड येतो, त्यात चेन तेलकट, काळी. संध्याकाळी सातनंतर दिसायला लागला. दुसरा त्रास, स्प्रॉकेटवर चिखल-ग्रीसचा थर असेल तर क्लॅम्प त्या थरावर बसतो आणि केसाएवढा तिरका झाला तरी पुढं ठिपका बराच सरकतो. तर आधी तो भाग रॉकेल किंवा डिझेलनं पुसून काढायचा, एक दाणा पण नको. हे कागदावर लिहिलेलं नाही. कागदावर लिहिलंय काय तर "साखळीचा आनंद घ्या" टाईपचं काहीतरी भाषांतर.

सगळं पुसलं, लावलं, बघितलं. ठिपका चेनवरच. म्हणजे पुढं जाता जाता जरा आतल्या बाजूला झुकल्यासारखा वाटला पण चेनच्या बाहेर काय गेला नाही. मी खूश पण झालो आणि वैतागलो पण, कारण लाईन बरोबर असेल तर दात एका बाजूनं का घासलेत?

आमच्या शेजारी एक मामा राहतात, बत्तीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर टर्नर होते, आता रिटायर. मी अंधारात गाडीखाली लाल लाईट मारत बसलेला बघून ते चहाचा कप घेऊन खाली आले.

"काय रं, गाडीचा एक्सरे काढाय लागलायस व्हय?"

सांगितलं सगळं. मग म्हणाले, किती चुकलंय असं वाटतंय तुला? म्हटलं असेल एखादा मिलिमीटर, जास्तीत जास्त.

"एका मिलिमीटरात आमच्यात जॉब भंगारात जातोय लेका."

आणि मग त्यांनी पार्किंगच्या फरशीवर खडूनं जो हिशोब मांडला तो मला या टूलच्या कागदावर, व्हिडिओत, कुठंच मिळाला नव्हता, म्हणून जसाच्या तसा देतो. चिमट्याच्या दोन बाजूंना चाक मागंपुढं सरकवायचे जे बोल्ट, म्हणजे अॅडजस्टर, असतात त्यांच्यातलं अंतर साधारण २० सेंटिमीटर, म्हणजे २०० मिमी. एका बाजूचा अॅडजस्टर दुसऱ्यापेक्षा १ मिमी मागं असला तर चाक २०० ला १ या हिशोबानं तिरकं झालं. आता मागच्या स्प्रॉकेटपासून पुढचा स्प्रॉकेट ५५ सेंटिमीटरच्या आसपास, तिथवर जाईपर्यंत ही चूक पावणेतीन मिमी होते. पण पुढच्या चाकापर्यंत गेलात तर? पल्सर २२० चा व्हीलबेस, म्हणजे दोन्ही चाकांच्या मध्यांमधलं अंतर, १३५० मिमी, तिथं तीच चूक पावणेसात मिमी दिसते. जेवढ्या लांबनं बघाल तेवढी चूक मोठी दिसणार.

मग त्यांनी लेझरचा ठिपका स्टीलच्या पट्टीवर पाडायला सांगितलं आणि मोजला. पुढच्या स्प्रॉकेटएवढ्या अंतरावर तो ठिपका अडीच मिमी रुंद. कडा पण धुरकट. म्हणजे अॅडजस्टरमध्ये अर्धा-पाऊण मिलिमीटर चूक असली तर चेनवर ती दीड-दोन मिमी सरकणार, आणि ती पूर्णपणे ठिपक्याच्या पोटात लपणार. चिमट्यावरच्या खुणांचं पण तेच. माझ्या गाडीची खूणच जवळजवळ मिलिमीटरभर जाड आहे, त्यावर रंग, त्यावर चिखल, वरनं तिरकं बघितलं की अजून फरक. टायरवाला खोटं बोलत नव्हता, तीन आणि तीनच होते. पण तीनच्या खुणेत अर्धा मिलिमीटर कुठं दडलाय ते कुणाला दिसणार.

दोरीचं काम पुढच्या रविवारी सकाळी केलं, दोन माणसं पाहिजेत, एकट्यानं होतं पण शिव्या खूप येतात. आधी मामांनी मागचं चाक बारा आणि सहाच्या काट्यावर धरून हलवून बघितलं, बेअरिंगला प्ले आहे का, मग चिमटा डावीउजवीकडं ढकलून बघितला, त्याच्या सांध्यातले बुश गेलेत का. ते ढिले असतील तर मापं घेण्यात काही अर्थच नाही, आज एक येईल उद्या दुसरं. माझे ठीक होते.

गाडी मेन स्टँडवर. दोरीचा मध्य मागच्या टायरच्या पाठीमागं धरायचा आणि दोन्ही टोकं दोन्ही बाजूंनी पुढं, पुढच्या चाकाच्याही पुढं न्यायची. उंची अशी निवडायची की दोरी सायलेन्सरला, स्टँडच्या पायाला, फुटरेस्टला कुठंच टेकणार नाही, आणि हे बोलायला सोपंय, मेन स्टँडचा पाय हमखास आडवा येतो, आम्ही दोनदा उंची बदलली. टोकं कशाला बांधायची? आम्ही रंगाचे दोन भरलेले डबे घेतले, कारण ते तसूतसूनं सरकवता येतात. आता डबा हळूहळू आत सरकवत आणायचा, जोवर दोरी मागच्या टायरच्या मागच्या कडेला आणि पुढच्या कडेला एकाच वेळी हलकीशी टेकते. हलकीशी म्हणजे टेकली पाहिजे पण वाकली नाही पाहिजे, हे बघायला खाली झोपावं लागतं, एक डोळा झाकून. डावीकडं झालं की उजवीकडं, मग परत डावीकडं बघायचं, कारण तोवर तिकडची हललेली असते.

हे झालं की मागच्या चाकाची दिशा पुढपर्यंत दोन दोऱ्यांनी आखली गेली. पुढचा टायर मागच्यापेक्षा बारीक असतो, त्यामुळं तो दोन्ही दोऱ्यांच्या मध्ये, कुठं न टेकता उभा राहतो. माझा मागचा १२० चा आणि पुढचा ९० चा, म्हणजे ३० मिमीचा फरक, दोन्ही बाजूंना १५-१५ ची फट यायला पाहिजे. हँडल हलवून आधी पुढचं चाक सरळ करायचं, एकाच बाजूची फट टायरच्या पुढच्या कडेला आणि मागच्या कडेला सारखी आली की सरळ झालं. मग दोन्हीकडची मोजायची. (स्प्लेंडरला दोन्ही टायर ८० चेच, तिथं फट जवळजवळ शून्य, मग दोरीऐवजी मापाचे दोन सारखे ठोकळे मागच्या टायरला लावून दोरी बाहेरनं घ्यावी लागते.)

डावीकडं ११. उजवीकडं १९.

मामा म्हणाले, "बेरीज तीस आली ना? मग माप बरोबर. वाटणी चुकलीया."

म्हणजे पुढचं चाक मधल्या रेषेपासून ४ मिमी डावीकडं, किंवा सरळ बोलायचं तर मागचं चाक पुढच्या चाकाच्या उजवीकडं तोंड करून चाललंय. पावणेसातला एक, तर चारला किती, साधारण ०.६ मिमी. अॅडजस्टरचा बोल्ट ८ मिमीचा असेल तर त्याचे आटे बहुतेक सव्वा मिमीचे असतात, एक पूर्ण फेरा म्हणजे सव्वा मिमी, म्हणजे आपल्याला फक्त अर्धा फेरा पाहिजे. एवढ्याशा अर्ध्या फेऱ्यासाठी माझे दात घासत होते. चेन डावीकडं असते आणि माझी जरा ढिलीच होती, म्हणून डावा बोल्ट अर्धा फेरा आवळला, चाकाची डावी बाजू मागं आली. चेन आधीच टाईट असती तर उजवा सोडून चाक पुढं ढकलावं लागलं असतं, लाईन तीच येते.

नट आवळला, परत मोजलं. १२ आणि १८. मी म्हटलं हिशोब चुकला. मामा हसले. हिशोब बरोबर होता, अॅक्सलचा, म्हणजे चाकाच्या दांड्याचा, नट आवळताना अॅक्सल जागेवरनं सरकला होता. बहुतेक वेळा चाक इथंच तिरकं होतं, सगळं मापात लावायचं आणि शेवटचा पाना फिरवताना घालवायचं. यावर त्यांची युक्ती अशी, जाड चिंधी गुंडाळून मागच्या स्प्रॉकेट आणि खालच्या चेनच्या मध्ये घालायची आणि चाक गाडी पुढं जाताना फिरतं त्या दिशेनं फिरवायचं. चिंधी आत ओढली जाते, चेन ताणते आणि अॅक्सल दोन्हीकडच्या अॅडजस्टरवर पुढं दाबून धरला जातो. तसाच धरून नट आवळायचा. बोटं लांब ठेवा, आणि गाडी चालू करून चेनमध्ये काहीही घालायचं नाही, इंजिन बंद, न्यूट्रल, चाक हातानं. एवढं करून पण कुणी ना कुणी बोट घालतोच.

यावेळी १५ आणि १५ च्या इतकं जवळ आलं की पट्टीवर फरक सांगता येईना. चिंधी काढली, चेनचा ढिलेपणा बघितला, चाक फिरवत फिरवत जिथं चेन सगळ्यात टाईट होते तिथं मोजायचा, मॅन्युअलमध्ये तुमच्या गाडीचा आकडा असतो, बहुतेक साध्या गाड्यांना २०-३० मिमीच्या आसपास. त्यापेक्षा टाईट करू नका, खड्ड्यात चिमटा वर गेला की चेन अजून ताणते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतं. मग ब्रेकचा पेडल दोन-तीनदा दाबून मगच गाडी बाहेर. मागं ड्रम असेल तर ब्रेकचा रॉड पण परत सेट करावा लागतो, चाक मागं गेलं की ब्रेक आपोआप टाईट होतो.

आणि आता मजा. त्याच जागी परत लेझर लावला. ठिपका चेनवरच, मधोमध. आधी पण चेनवरच होता. मला सांगितलं नसतं तर दोन्हीतला फरक मी ओळखला नसता.

गाडी चालवली, चर्र चर्र बंद. हँडलचं म्हणाल तर निम्मं बरं झालं, उरलेलं निम्मं दुखणं कोनसेटचं, म्हणजे हँडलच्या दांड्याच्या बेअरिंगचं, निघालं, तो जरा जास्त आवळलेला होता, ते वेगळं काम. सांगायचं कारण, गाडी ओढते म्हणून लगेच अलाइनमेंटवर खापर फोडू नका, घासलेला टायर, पीळ बसलेला पुढचा शॉकअप, कोनसेट, काहीही असू शकतं.

तर मग तीन स्टार कशाला दिले, एकच द्यायचा ना? असं नाही. पुढच्याच महिन्यात भावानं नवीन चेनसेट टाकून आणला, त्याची पण चेन आवाज करत होती. लेझर लावला तर ठिपका पुढच्या स्प्रॉकेटपर्यंत जाताना चेन सोडून चक्क बाहेर, तीन मिमी तरी. दोन मिनिटांत कळलं गडबड आहे. इथं कुणीही अॅडजस्टर फिरवून ठिपका चेनवर आणला असता आणि चाक खरंच तिरकं केलं असतं. आम्ही आधी दोरी लावली, चाक एकदम सरळ. मग चूक चाकात नाही, स्प्रॉकेटमध्ये. पुढचं कव्हर उघडलं तर पुढचा छोटा स्प्रॉकेट उलटा बसवलेला, आतली बाजू बाहेर, त्याचा उंचवटा एकाच बाजूला असतो त्यामुळं दातांची लाईनच सरकली होती. दोरीला हे कधीच दिसलं नसतं, ती टायर बघते, चेन बघत नाही. आणि लेझरला एवढंच कळतं की चेन आणि मागचा स्प्रॉकेट एका लायनीत नाहीत, का नाहीत ते नाही कळत. त्यामुळं टूल फेकून दिलं नाही.

घेणारच असाल तर पाकीट फोडल्यावर पहिलं काम हे करा: टूल स्प्रॉकेटवर लावून पुढं पट्टी धरून ठिपका कुठं पडतो ती खूण करा, मग टूल काढून उलटं करून, डोक्याकडची बाजू खाली, तिथंच परत लावा. ठिपका त्याच जागी पडला तर लेझर त्याच्या घरात सरळ बसलाय. माझा दीड मिमी सरकला, म्हणजे लेझरच तिरका. दुकानदाराला मेसेज केला तर "सर कृपया सेल बदलून बघा". सेल बदलला. ठिपका अजून जाड झाला. शेवटी मामांनी क्लॅम्पच्या एका अंगाला कोल्ड्रिंकच्या डब्याच्या पत्र्याची चकती लावून तो सरळ केला, त्याचे पैसे कुणी देणार नाही.

स्प्लेंडर, शाईनसारख्या पूर्ण चेनकव्हर असलेल्या गाडीला हे टूल लावताच येत नाही, आधी कव्हर काढा, मग क्लॅम्पला जागा शोधा, तोवर दोरीनं दोन गाड्या होतात. जुन्या बुलेटला बोल्टऐवजी गोगलगायीसारख्या चकत्या असतात, तिथं दोन्हीकडचे खाचे सारखे मोजायचे हे ठीक, पण एकेका खाच्यात किती सरकतं बघा आणि मग दोरी लावा. ट्यूबलाईट लावून बघणारे पण आहेत, जुनी चार फुटी ट्यूब सरळ असते हे खरंय, पण मागच्या टायरच्या शेंड्यापासून पुढच्या टायरच्या टोकापर्यंत साडेसहा फूट होतात, ट्यूब मध्येच संपते. खिडकीचा अॅल्युमिनियमचा आठ फुटी सेक्शन मिळाला तर तो उत्तम, पण आधी तो सरळ आहे का ते कशानं बघणार? दोरीनंच.

दर चेन टाईट करताना मी आता पाच मिनिटं लेझर लावतो, काही मोठं हललंय का बघायला, आणि टायर बदलला किंवा चाक काढलं की दोरी. या रविवारी भावाच्या गाडीला परत लावायची होती, पण दोरी आईनं गच्चीवर पापड वाळवायला वर कापड बांधायला नेली आणि आता तिला मधोमध गाठ आहे.